जर्नल-सीटीएल वापरताय? मग ‘पी एरर’च्या भरवशावर राहू नका

हे लिहायला बसलो कारण परवा परत कोणीतरी सांगितलं, लिनक्सवर लॉग (मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंद) बघायचा तर जर्नल-सीटीएल या कमांडला ‘पी एरर’ हा फक्त एररच्या ओळी दाखवणारा फिल्टर लाव, बाकी सगळा कचरा असतो. नाही हो, तसं नाहीये!

माझी बॅकअपची एक्सटर्नल हार्डडिस्क, कॉपी चालू असताना मधेच अडकायची, स्पीड शून्यावर, मग आपोआप परत सुरू. सर्व्हिसवाल्यांनी केबलला लावूनही न बघता सांगितलं, डिस्क गेली, नवीन घ्या. चालती डिस्क टाकून देणं मला पटणारच नाही, म्हणून लॉग उघडला. ‘पी एरर’ लावल्यावर काय दिसलं, तर ‘एसीपीआय बायोस एरर’च्या, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरबद्दलच्या ओळी, ज्या माझ्याकडे पहिल्यापासून प्रत्येक बूटला येतात आणि मशीन मस्त चालतं. डिस्कबद्दल अवाक्षर नाही.

मग तो फिल्टर काढला, फक्त कर्नलच्या (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टमचा गाभा) ओळींसाठी ‘के’ लावलं आणि ‘सिन्स’ला (कधीपासूनचं दाखवायचं) मागची दहा मिनिटं दिली, आणि तिथे एकाखाली एक ओळी, ‘रिसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’, म्हणजे यूएसबीवरची डिस्क रिसेट होतेय, बरोब्बर कॉपी अडकायची त्याच वेळेला. कर्नल ही ओळ इन्फो म्हणून लिहितो, म्हणजे लेव्हल ६ (० सगळ्यात गंभीर, ७ सगळ्यात किरकोळ), आणि ‘पी एरर’ दाखवतं फक्त ० ते ३. लेव्हल ठरवतो तो मेसेज लिहिणारा प्रोग्रामर, तुमचं काय अडलंय हे त्याला कुठून कळणार? केबल बदलली, रिसेट बंद, डिस्क आजही तीच.

सुरुवातीला मला हा लॉग बायनरी फाइलमध्ये साठवतात याचाच राग होता, साधी टेक्स्ट फाइल असती तर कुठेही उघडली असती. आता मत बदललंय, कारण प्रत्येक ओळीसोबत बूट, सर्व्हिस, लेव्हल वेगवेगळं साठवलेलं असतं म्हणूनच ‘बी -१’ म्हटलं की फक्त मागच्या बूटचा लॉग समोर येतो. त्यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर आहे ना ते आधी बघा, लॉग कुठे साठवायचा त्याचं सेटिंग ‘ऑटो’ असेल आणि फोल्डर नसेल तर लॉग रॅममध्येच राहतो आणि रीस्टार्टला उडतो. जागेचं म्हणाल तर डिफॉल्टला ड्राइव्हच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, मी ‘सिस्टम मॅक्स यूज’ ही जागेची मर्यादा ५०० एमबी करून ठेवलीय, घरच्या मशीनला भरपूर झालं.

एक गोष्ट मात्र अजून छळते, लांब ओळी स्क्रीनच्या कडेला कापल्या जातात आणि नेमका कामाचा भाग उजवीकडे दडतो, बाण दाबत जावं लागतं. ‘नो पेजर’ लावलं, म्हणजे पानापानाने दाखवणारा पेजर बंद केला, की ओळ पूर्ण दिसते.