मोटरचं शिलाई मशीन, पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत: दोरा नीट ओवला की निम्मी दुखणी जातात

मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं, आता संक्रांत होऊन गेली. एवढ्या काळात परकर, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, पडदे, साड्यांचे फॉल आणि नवरात्रात जावेच्या नातीला खणाचं परकर-पोलकं, असं बरंच काही त्यावर शिवून झालं. मोटर, टाका, आवाज, कशाबद्दलच तक्रार नाही. तरीही आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतच अशी कितीतरी मशिनं आहेत जी हौसेने आली आणि थोड्याच दिवसांत कव्हर घालून कपाटावर गेली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "खाली गुंता होतो हो." मग कुणी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, बदलतं, कुणी ती ज्यात बसते त्या बॉबिन केसचा स्क्रू पिळतं, कुणी मेकॅनिकला बोलावून पैसे देतं. ह्यातली बहुतेक मशिनं धडधाकट असतात. गुंता खाली दिसतो, पण त्याचं कारण वर असतं. हे घेतानाच कुणी नीट सांगितलं तर किती बायकांचं शिवणकाम सुटणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मशीन टेबलावर ठेवायचं, पायातल्या पेडलने मोटर चालणारं, सरळ टाका, झिगझॅग, काज आणि आणखी मोजके टाके असलेलं आहे. बॉबिन धातूच्या केसमध्ये घालून पुढून बसवायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या जातीच्या सगळ्या मशिनांत दोऱ्याचा रस्ता जवळपास सारखाच असतो आणि मला सांगायचंय ते त्या रस्त्याबद्दल.

माझा हात बसला तो आईच्या काळ्या पायमशीनवर. आमचं जुनं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते मशीन पाण्याखाली गेलं. हेड खोलून रॉकेलने धुतलं, तेल दिलं, ते आजही फिरतं. पण लाकडी टेबल फुगलं ते फुगलंच, आणि पाय मारायला जड झालं. तरी दोरा ओवायचं शिकायला त्या काळ्या मशीनसारखी शाळा नाही. त्यात टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या बाहेर, डोळ्यांसमोर असतात. दोरा त्या दोन चकत्यांच्या मध्ये गेला की नाही ते दिसतं, बोटाला कळतं. नव्या मशीनमध्ये त्याच चकत्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आत दडवलेल्या आहेत. बाहेर दिसते फक्त एक उभी खाच आणि आकड्यांची गोल चकरी. दोरा खाचेतून खाली गेला म्हणजे चकत्यांमध्ये बसला असं आपण धरून चालतो, आणि इथेच नवशिकी माणसं अडकतात.

कापड दाबून धरणारं फूट वर उचललं की ह्या चकत्या एकमेकींपासून सुटतात. फूट खाली सोडलं की त्या घट्ट मिटतात. म्हणून दोरा ओवताना फूट वर असलंच पाहिजे. खाली असताना ओवलं तर दोरा मिटलेल्या चकत्यांच्या काठावर राहतो, आत जातच नाही. वरून सगळं अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं दिसतं. दोरा खाचेत आहे, वर-खाली होणाऱ्या लिव्हरमध्ये आहे, सुईत आहे. फक्त त्याला कुणी धरलेलं नाही.

मग गुंता वर न होता खाली का होतो? सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते, थोडी वर येताना त्याची एक कडी सुटते, आणि खालच्या फिरत्या शटलचं टोक ती कडी पकडून पूर्ण बॉबिन केसभोवती फिरवतं. टाक्याला लागतो त्याच्या कितीतरी पट दोरा त्या फेरीसाठी खाली ओढला जातो. फेरी संपली की वरची लिव्हर झटक्याने तो सगळा जादा दोरा परत वर खेचते आणि टाका आवळला जातो. पण लिव्हरला खेचायला दोऱ्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं हवं. चकत्यांनी धरलं नसेल तर लिव्हर खाली गेलेला दोरा वर आणण्याऐवजी रिळातूनच नवा दोरा ओढते. खाली गेलेला दोरा खालीच राहतो. चार-पाच टाक्यांत कापडाखाली पुंजका जमतो, कापड ते सरकवणाऱ्या दात्यांत अडकतं, आणि आपण बॉबिनला दोष देतो.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेची भाची शिकायला आली होती. मैत्रिणीकडे शिवताना असाच गुंता व्हायचा म्हणून ती आल्या आल्या बॉबिन केसच उघडून बसली. मी म्हटलं, "अगं, ते राहू दे. आधी वरचा दोरा सुईजवळ धरून ओढून बघ." फूट वर होतं, दोरा सुळ्ळकन आला. "आता फूट खाली कर आणि परत ओढ." तसाच सुळ्ळकन आला. तिथेच निदान झालं. दोरा पूर्ण काढायला लावला, फूट वर करून पुन्हा ओवायला लावला. ह्या वेळी फूट खाली करून ओढल्यावर दोरा अडला आणि सुई किंचित पुढे वाकली. ती म्हणाली, "मावशी, हे तर हाताला कळतंय की!" हाताला कळतं हेच तर महत्त्वाचं. फूट वर असताना दोरा सैल आणि खाली असताना घट्ट लागला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच लागला तर पुढे एक टाकाही घालू नका.

आता रस्ता. हँडव्हील आपल्याकडे फिरवून लिव्हर सगळ्यात वर आणायची. उलटं फिरवायची सवय लावून घेऊ नये, खाली दोरा अडकतो. फूट वर. रीळ दांडीवर आणि त्यापुढे टोपी घट्ट. टोपी रिळापेक्षा फार लहान असेल तर दोरा रिळाच्या काठावरच्या खाचेत अडकून तुटतो. तिथून वरच्या कडीत, मग उजव्या खाचेतून खाली, वळण घेऊन डाव्या खाचेतून वर, लिव्हरच्या नेढ्यात उजवीकडून डावीकडे, परत खाली, सुईच्या वरच्या छोट्या कडीत आणि शेवटी सुईत. खाचेतून खाली आणताना एका हाताने रिळापाशी दोरा हलका धरायचा आणि दुसऱ्या हाताने ताणून ओढायचा, म्हणजे तो चकत्यांमध्ये नीट बसतो. लिव्हर चुकली तरी तितकाच वाईट गुंता होतो. ती खाली असताना आतल्या बाजूला असते आणि दिसतच नाही, म्हणून आधी वर आणायची.

सुईबद्दल जरा थांबून सांगते, कारण पायमशीनवरून आलेल्या बायका इथे हमखास गोंधळतात. आईच्या मशीनमध्ये दोरा सुईत बाजूने ओवतात. ह्यात पुढून मागे. ह्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, ती मागे ठेवून सुई पूर्ण वर, अडेपर्यंत सरकवायची आणि मग स्क्रू आवळायचा. सुई हातात घेऊन नख फिरवा. एका बाजूला लांब खोबण लागते. ती पुढे आली पाहिजे, कारण कापडातून खाली जाताना दोरा त्या खोबणीत लपतो. मागे नेढ्याच्या वर छोटासा खोलगट भाग असतो, तिथून शटलचं टोक दोरा उचलतं. सुई तिरकी बसली किंवा अर्धीच वर गेली तर शटलला दोरा सापडत नाही आणि टाके सुटतात. नेढं टोकाशी असलेल्या सुईच्या आणि शटलच्या ह्या जोडीवर एलियस होवेला अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट मिळालं. आजच्या घरगुती मशीनचा टाकाही त्याच तत्त्वावर पडतो.

दोऱ्याचं टोक दातांनी तोडू नका, कात्रीने तिरपं कापा. सुईमागे पांढरा कागद धरला की नेढं स्पष्ट दिसतं. माझ्या मशीनचा दिवा अशा जागी आहे की सुईच्या मागे सावली पडते, ही एक उणीव आहे. पन्नाशीनंतर ती जाणवते.

बॉबिनचं काम त्या मानाने सोपं. भरताना दोरा भरायच्या छोट्या चकतीखालून घट्ट न्यायचा, नाहीतर ती एका बाजूला फुगते आणि शिवताना धक्के देते. काठापर्यंत ठासून भरू नये. केसमध्ये घातल्यावर दोरा चिरेतून पत्तीखाली सरकवायचा, वीतभर टोक बाहेर ठेवायचं आणि खिट्टी धरून केस आत बसवायची. टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज न येता सुई खाली नेली तर ती केसवर आपटून मोडते. पत्ती ठीक आहे का हे पाहायचं असेल तर दोऱ्याने केस लटकवा. ती आपली आपण घसरू नये, हलका झटका दिल्यावर मात्र थोडी खाली यावी. तशी येत असेल तर त्या स्क्रूला हात लावू नका. दुकानातून जादा बॉबिन घेताना जुनी नमुन्याला न्या. काळ्या मशीनच्या बॉबिन ह्याला चालतीलच असं नाही.

मग वरचा दोरा हाताने धरून हँडव्हीलचा एक फेरा, म्हणजे खालचा दोरा कडी होऊन वर येतो. दोन्ही टोकं फुटाखालून मागे घ्यायची आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत धरून ठेवायची. आणि फूट खाली करायचं. ओवताना वर, शिवताना खाली. जाड कापड घातलं की फूट वरच राहिल्याचं लक्षात येत नाही, आणि मग तोच गुंता.

नव्या माणसाला टेन्शन शिकवायचं तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून मांजरपाटाच्या तुकड्यावर एक टीप मारायला सांगा. कापडाच्या वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे. खाली लाल दिसला तर वरचा सैल. चकरी चारच्या आसपास ठेवली की साध्या सुती कापडाला बहुतेक वेळा जमतं. खाली लाल दोऱ्याची लांबच लांब वेटोळी दिसली तर मात्र चकरीला हात लावू नका, पुन्हा ओवा. चकरी फिरवत बसण्यात माणसं उगाच तास घालवतात.

दोऱ्यावर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत झालं आहे. काही स्वस्त रिळांचा दोरा उजेडात धरला तर केसाळ दिसतो, जागोजागी गाठी असतात. ती लव चकत्यांमध्ये साठते आणि मग बरोबर ओवूनही टेन्शन लागत नाही. म्हणून रीळ बदलताना दोरा रिळापाशी कापायचा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून काढायचा. मागे ओढला की सगळी लव चकत्यांत राहते. दोऱ्याचा मोठा शंकूसारखा कोन वापरायचा असेल तर तो आडव्या दांडीवर बसत नाही. मी तो मशीनमागे स्टीलच्या पेल्यात उभा ठेवते आणि दोरा वरून कडीत घेते.

सुई साध्या सुतीला १४ नंबर, मऊ पातळ कापडाला ११, जीन्सला १६. होजियरीला बोथट टोकाची वेगळी मिळते, तीच घ्या. साध्या सुईने टाके सुटतात आणि लोक पुन्हा ओवण्याला दोष देतात.

वाकळ मात्र ह्या मशीनवर शिवू नका. दोन-तीन जुन्या साड्यांचे थर ते ओढतं, पण सगळे थर घालून आपली पारंपरिक जाड वाकळ शिवायला गेलं की मोटर कण्हते आणि सुई वाकते. त्याला हाताचा धावदोरा किंवा काळं मशीनच हवं. वीज गेली की हे बंद आणि ते चालू, हाही फरक आहेच. म्हणून आईचं मशीन मी विकलेलं नाही.

मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत मराठी नाही, आणि फूट वर ठेवण्याची सूचना इतक्या बारीक अक्षरात आहे की शोधावी लागते. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. तीच ओळ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात यायला हवी होती. डेमोला येणारा माणूसही भराभर ओवून दाखवतो, एक टीप मारतो आणि जातो. त्याला जाऊ देऊ नका. दोरा पूर्ण काढायला लावा आणि त्याच्यासमोर तुम्ही स्वतः ओवा. एकदा मुद्दाम फूट खाली ठेवून ओवा आणि मांजरपाटावर टीप मारून खालची बाजू बघा. मग फूट वर करून ओवा, खाली करा, दोरा ओढून बघा आणि त्याच तुकड्यावर शेजारी दुसरी टीप मारा. तो तुकडा मशीनच्या खणात ठेवून द्या, घरातलं दुसरं कुणी शिकायला बसलं की दाखवायला उपयोगी पडतो.