विक्रीच्या अंदाजासाठी ‘प्रॉफेट’: सणांच्या तारखा सांभाळणारे साधन

फेसबुकने 2017 मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुले केलेले ‘प्रॉफेट’ हे अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर पायथन आणि आर या दोन्ही संगणकीय भाषांत वापरता येते, आणि ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांच्या रोजच्या विक्रीची नीट नोंद आहे, अशा प्रत्येक व्यावसायिकाने ते आवर्जून वापरून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तारीख आणि विक्री असे दोन रकाने दिले, की विक्रीचा दीर्घकालीन कल, आठवड्याचे व वर्षाचे चढउतार आणि सणांचा परिणाम ते वेगवेगळे काढून दाखवते.

यातील सणांची सोय आपल्या बाजारपेठेसाठी विशेष मोलाची आहे. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला, तर 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला आले. केवळ इंग्रजी महिन्यांवर बेतलेला अंदाज अशा वेळी फराळाच्या व्यापाऱ्याला हमखास चकवतो. येथे मात्र दिवाळीच्या तारखा स्वतः भरता येतात आणि त्याआधीचे किती दिवस खरेदीच्या गर्दीचे धरायचे, तेही सांगता येते. पुढच्या दिवाळीची तारीख भरायला मात्र विसरू नये.

उणिवा आहेतच. क्वचित खपणाऱ्या वस्तूंचा अंदाज शून्याखालीही जाऊ शकतो. धंदा वाढता असेल, तर सणांचा परिणाम गुणाकाराने, म्हणजे ठरावीक आकड्याऐवजी विक्रीच्या प्रमाणात, धरण्याचा पर्याय आपणच निवडावा लागतो, कारण मूळ मांडणी बेरजेची आहे. अंदाजाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा मुळात 80 टक्क्यांचा असतो, म्हणजे खरी विक्री त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता 80 टक्के धरलेली असते; टिकाऊ माल मागवताना त्याच्या वरच्या कडेकडे अवश्य पाहावे.