टू-वे चार्जर: भिंतीवरचा हलका डबा

लिहू की नको करत चार महिने गेले. आपण गंडलो हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने तेच रंगीत माहितीपत्रक माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "घेऊन टाकू का?" त्याच रात्री लिहायला बसलो.

प्रकरण घरी इलेक्ट्रिक गाडीसाठी टू-वे चार्जर बसवण्याचं. रात्री गाडी घरातून वीज घेणार आणि गरज पडली की तीच वीज घराला परत देणार. कल्पना खोटी नाही. जपानमध्ये 2011च्या भूकंपानंतर विजेची ओढाताण झाली आणि 2012मध्ये निसान लीफच्या बॅटरीवर घर चालवणारी यंत्रणा तिथे विकायला आली. विक्रेत्याने मला हा किस्सा ऐकवला, मी तो तपासला, खरा निघाला. तिथेच माझा निम्मा संशय मावळला. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर मी पुढच्या नऊ थापा न चावता गिळल्या.

पहिल्या भेटीत त्याने माझ्याच गाडीवर प्रात्यक्षिक दाखवलं. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात एक अ‍ॅडाप्टर खोचला, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि पंखा व इस्त्री चालू करून दाखवली. "बघा साहेब, तुमची गाडी टू-वे आहेच. आता भिंतीवर आमचा डबा लागला की अख्खं घर चालेल." इस्त्री हाताला तापलेली लागली, मग आणखी काय पुरावा हवा?

त्याने दाखवलं त्याला व्हीटूएल म्हणतात. गाडी फक्त एक चालता-फिरता सॉकेट होते आणि तिला जोडलेलं उपकरण चालतं. त्यातून साधारण तीन-साडेतीन किलोवॅटच्या आसपासच वीज मिळते. घराच्या वायरिंगशी, मीटरशी त्याचा काही संबंध नसतो. घराला वीज देणं म्हणजे व्हीटूएच, आणि वीज कंपनीच्या जाळ्यात परत सोडणं म्हणजे व्हीटूजी. ही तिन्ही कामं वेगळी, त्यांना लागणारी यंत्रणाही वेगळी. एक जमणाऱ्या गाडीला बाकीची दोन जमतीलच असं नाही. माझ्या गाडीला पहिलंच जमतं. हे गाडीच्या कंपनीला एक फोन करून कळलं असतं. तो फोन मी केला, पण पैसे देऊन झाल्यावर तीन महिन्यांनी.

आता किमतीचं. आकडे जागोजागी बदलतात, म्हणून त्याच्या कोटेशनची रक्कम 100 धरून सांगतो. साधा, एकाच दिशेचा चार्जर तेव्हा मला साधारण 65ला मिळत होता. म्हणजे जेमतेम दीडपट पैशांत दोन्ही दिशा! खरं तर इथेच थांबायला हवं होतं. घरी भिंतीवर जो साधा एसी चार्जर लावतात, तो खऱ्या अर्थाने चार्जर नसतोच. आत एक कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), थोडं संरक्षण आणि गाडीशी बोलणारं एक सर्किट, बस. घरात येणाऱ्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. उलट दिशेला बॅटरीतल्या डीसीची पुन्हा एसी करायला इन्व्हर्टर लागतो, आणि तोही साधासुधा नाही, जाळ्यातल्या विजेच्या तालाशी ताल जुळवणारा. काही गाड्यांत हे काम गाडीतलाच कन्व्हर्टर, म्हणजे तोच पोटातला चार्जर, करतो. बाकी ठिकाणी तो इन्व्हर्टर भिंतीवरच्या डब्यात असतो, म्हणून असा डबा साध्या चार्जरच्या कित्येक पट महाग आणि वजनाला चांगला दणकट असतो. माझ्याकडे आलेला डबा एका पोऱ्याने एका हातात धरून दुसऱ्या हाताने ड्रिल मारलं होतं. मी शेजारी उभा राहून कौतुकाने फोटो काढत होतो.

कोटेशनवर "टू-वे रेडी" असं लिहिलं होतं. मी "टू-वे" वाचलं. "रेडी" हा शब्द मला नुसता झगमगाटासाठी लावलेला वाटला. सगळी फसवणूक त्याच शब्दात होती आणि कागदावर पाहिलं तर त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

महिनाअखेरीला स्कीम संपते म्हणून 60 आगाऊ दिले. मग भिंतीला भोकं पडल्यावर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. केबलचे पैसे लांबीवर, मीटरमागे. ती त्याने 27 मीटर लावली, पुढे मी टेप धरून मोजली तर 18 भरली. अर्थिंग नवीन. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वेगळा. डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचांच्या पेटीत, जागा नाही, म्हणून डीबी नवा. "सिंगल फेजवर 32 अ‍ॅम्पिअरने सव्वासात-साडेसात किलोवॅटच मिळतात, थ्री फेज घ्या, 16 अ‍ॅम्पिअरवरही 11 मिळतील." हे गणित बरोबर आहे, पण रात्रभर उभ्या राहणाऱ्या माझ्या गाडीला 11 किलोवॅट कशाला हवेत हे मी विचारलं नाही. जोडभार, म्हणजे घराला एका वेळी घेता येणारी वीज, वाढवायचे पैसे भरले. "परवानगी आणि कागदपत्रं" म्हणून आणखी 12. 100चे 187 झाले. दर वेळी रक्कम लहान असायची आणि दर वेळी काम अर्धवट उघडं पडलेलं असायचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या बाजूने सांगायला हवी. यातले बरेच खर्च प्रामाणिक कामातही येतात. अर्थिंग, योग्य प्रकारचा आरसीसीबी, केबल, कधी कधी डीबी, हे लागतंच, आणि सगळं मिळून डब्याच्या किमतीच्या बरोबरीने जाऊ शकतं. जो माणूस आधी येऊन डीबी उघडून बघतो आणि हे सगळं पहिल्याच कागदावर लिहून देतो, तो महाग वाटतो. माझ्याकडे असा एकजण आला होता. मी त्याला लुटारू म्हणून परत पाठवलं.

विशेष म्हणजे जी गोष्ट सगळ्यात जरुरीची, ती या 187मध्ये नव्हतीच. वीज गेल्यावर घर गाडीवर चालवायचं तर घर बाहेरच्या लाइनपासून पूर्ण तुटलं पाहिजे. त्यासाठी चेंजओव्हर, म्हणजे घर लाइनीवरून काढून गाडीवर टाकणारा स्विच, लागतो, हाताचा किंवा आपोआप चालणारा. शिवाय इन्व्हर्टरला लाइन गेल्याचं कळून त्याने लाइनीत वीज ढकलणं ताबडतोब थांबवावं लागतं. हे मला कसं कळलं ते पुढे येतंच.

बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात रात्री वीज गेली. मी जरा रुबाबातच हिला म्हटलं, "थांब, आता बघ." ॲप उघडलं. चार्ज सुरू करा, चार्ज थांबवा, वेळ लावा, एवढंच. घराला वीज देण्याचं बटण कुठेच नाही. अंधारात वीस मिनिटं मेनू चाळल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, फोनची बॅटरी वाचवा." विक्रेत्याला फोन केला. "साहेब, हार्डवेअर रेडी आहे. फर्मवेअरचा, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आला की सुरू." मग दोन महिने अपडेट येतच राहिला.

मी आवाज चढवल्यावर एक दिवस त्याचा माणूस केबल घेऊन आला. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक गाडीच्या अ‍ॅडाप्टरला, दुसरं घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. "अपडेट येईपर्यंत यावर काम भागवा. फक्त मेन स्विच बंद करायला विसरू नका." त्याने लावून दाखवलं, दिवे लागले. मी खूश. सही करून दिली!

संध्याकाळी शेजारचे काका आले. आयुष्यभर खांबावर चढून लाइनवर काम केलेला माणूस. त्यांनी केबल पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. पहिलं वाक्य होतं, "ही कुणी दिली?" मग त्यांनी सांगितलं. एखाद्या रात्री मेन पाडायचं राहिलं, तर गाडीतली वीज मीटरमधून बाहेर लाइनीत जाते. ट्रान्सफॉर्मर तीच वीज उलट दिशेने चढवतो आणि वरच्या तारेत काही हजार व्होल्ट येऊ शकतात. वर लाइन बंद आहे समजून एखादा वायरमन हात घालून बसलेला असतो. शिवाय गाडी चालू असताना सॉकेटमधून केबल निसटली, तर मोकळ्या पिनांमध्ये जिवंत करंट असतो, आणि घरात लहान मूल असलं तर, असं म्हणून ते थांबले. मग पक्कड मागून घेतली आणि केबलचे माझ्यासमोरच दोन तुकडे केले. माझ्याशी नीट बोलायला त्यांना त्यानंतर आठवडा लागला.

त्यांनीच चार्जरचा प्लग हातात घेऊन दाखवला. "सातच पिना आहेत. खाली डीसीच्या दोन जाड पिना कुठे आहेत? गाडीत तर तोंड आहे." म्हणजे माझ्या डब्यातून डीसी येण्याजाण्याची वाटच नव्हती. गाडीतला कन्व्हर्टर एकाच दिशेचा आणि डब्यात कन्व्हर्टर नाही. अपडेटने त्यात इन्व्हर्टर उगवणार नव्हता.

त्यानंतर मी जे आधी करायचं ते केलं. गाडीच्या कंपनीने सांगितलं की या मॉडेलला व्हीटूएलच आहे. गाडी आणि चार्जर यांनी एकाच भाषेत बोलावं लागतं, आणि दुतर्फा विजेचे नियम असलेलं आयएसओ 15118-20 हे मानक 2022मध्ये आलं. माझी गाडी त्याआधीच्या आवृत्तीवर चालते. चाडेमो या जपानी चार्जिंग पद्धतीच्या गाड्यांत ही सोय फार आधीपासून होती, जपानचा किस्सा म्हणूनच खरा होता, पण माझी गाडी सीसीएस या दुसऱ्या पद्धतीची. वीज कंपनीत चौकशी केली तर माझ्या नावाने वीज परत देण्याचा कुठलाही अर्ज नव्हता. "परवानगी" म्हणून मला मिळालेला कागद विक्रेत्याच्याच लेटरहेडवर होता. वरचा गोल शिक्काही त्याचाच. त्या 12मध्ये त्याने नेमकं काय केलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि ती कमाई! "रात्री स्वस्त वीज भरा, दिवसा महाग विका, चार्जर फुकटात पडेल." भरताना आणि काढताना मिळून साधारण 15 टक्के वीज उष्णतेत जाते असं धरू. रात्रीचा दर दिवसाच्या 80 टक्के असेल, तर परत हातात आलेलं प्रत्येक युनिट मला दिवसाच्या दराच्या 94 टक्क्यांना पडतं. उरले 6 टक्के. त्यातून 187 कधी वसूल होणार, ते मी हिला सांगितलेलं नाही. शिवाय काही गाड्यांच्या वॉरंटीत असं बाहेर वीज देण्यावर मर्यादा असते. माझ्या पुस्तिकेत तो परिच्छेद 214व्या पानावर आहे. विक्रेत्याने पुस्तिका उघडायची वेळच येऊ दिली नव्हती, आणि मीही ती प्लॅस्टिकमधून काढली नव्हती.

त्या ओळखीच्या माणसाला मी एवढंच सांगितलं: चार्जरचं नाव आणि मॉडेल नंबर घे, गाडीच्या कंपनीला ईमेलवर विचार की हा चार्जर माझ्या गाडीला घर चालवायला मान्य आहे का, आणि उत्तर लेखी येईपर्यंत खिशाला हात लावू नको. कोटेशनवर "रेडी", "भविष्यात", "सपोर्टेड" असं काही दिसलं तर "आज काय चालतं?" एवढंच विचार. शेवटचा मोठा हप्ता मेन पाडून, पंप चालू करून, अर्धा तास घर चाललेलं पाहिल्यावरच दे. पंप मुद्दाम म्हणतोय, कारण सुरू होताना तो कितीतरी जास्त करंट ओढतो आणि खरा-खोटा इन्व्हर्टर तिथेच कळतो.

माझं म्हणाल तर, लेखी तक्रार केल्यावर केबलचे जास्तीचे 9 मीटर आणि कागदपत्रांचे मिळून 187पैकी 19 परत मिळाले. बाकीबद्दल त्याचं म्हणणं आहे की त्याने "रेडी" असंच विकलं होतं आणि माल रेडी आहे. प्रात्यक्षिकावर माझी सही आहे, ती तो प्रत्येक पत्राला जोडतो. डबा अजून भिंतीवर आहे. गाडी त्यावर रोज चार्ज होते, एका दिशेने, अगदी व्यवस्थित.