पंचवटीतलं वाचनालय : चार स्टार, त्यातले तीन मॅडमचे

नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे, गंगेच्या (म्हणजे आमच्या गोदावरीच्या) आसपास राहणाऱ्यांना कळेलच कुठलं ते. सावानाशी (सार्वजनिक वाचनालय नाशिक) तुलना करू नका, ते १८४० पासूनचं, तिथला पसाराच वेगळा. हे म्हणजे दोन खोल्या, वर एक माळा, लोखंडी कपाटं, सकाळी पेपरसाठी भांडणारे आजोबा लोक. बुधवारी जाऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.

मी १९९८ पासून मेंबर आहे, पाचवीत असताना बाबांनी कार्ड काढून दिलं होतं. तेव्हा काउंटरला ज्या मॅडम होत्या त्याच आजही आहेत, ३१ वर्षं झाली त्यांना. आधी ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स, मग नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी. अशा वाचनालयांना १९६७ च्या कायद्याखाली अ ब क ड दर्जा बघून सरकारी अनुदान मिळतं पण कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी तशीच जुनी आहे, म्हणजे पगाराचा अंदाज तुम्हीच करा. मी १२ वर्षांत ५ कंपन्या बदलल्यात म्हणून जास्त लागतं हे मनाला.

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी कमिटीने सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळ्या पुस्तकांच्या नोंदी बाहेरच्या एजन्सीकडून टाइप करून घेतल्या. मागच्या महिन्यात मुलीला शाळेच्या प्रोजेक्टला कुसुमाग्रजांची नाटकं हवी होती, सर्चला कुसुमाग्रज टाकलं तर नुसत्या कविता, नाटक एकही नाही. नाशकात! कारण काय तर नाटकांवर नाव वि. वा. शिरवाडकर, आणि टाइप करणाऱ्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. बरं शिरवाडकर टाकलं तरी तीनच पुस्तकं आली, बाकीची 'शीरवाडकर' मध्ये जाऊन बसलेली.

मॅडमनी काही न बोलता कोपऱ्यातल्या तालिकेचा (पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांचा) ड्रॉवर ओढला (नशीब तो भंगारात गेला नाही) आणि एक पिवळं पडलेलं कार्ड पुढे केलं. त्यांच्याच अक्षरात, शाईने, 'शिरवाडकर, वि. वा. : कुसुमाग्रज हेही पाहा'. खालच्या कडेला भोक, त्यातून सळई गेलेली, बोटं लागून लागून कड मऊ झालेली. "अरे मशीनचा दोष नाही, त्याच्यात पण अशी नोंद करता येते," म्हणाल्या, "पण ती करायची असते हे सांगायला आम्हाला कुणी विचारलं तर पाहिजे ना."

पाच मिनिटांत सहा नाटकं टेबलावर. मुलगी बघतच राहिली.

दुसरी गोष्ट कपाटांची. पुस्तकांना विषयवार नंबर देण्याच्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी कादंबरी म्हणजे ८९१.४६३, म्हणजे अख्ख्या भिंतीला एकच नंबर, पुढे लेखकाच्या आडनावाने लावायचं. मॅडमनी ते पाळलंय, पण मोठ्या टाइपातली पुस्तकं क्रम मोडून कमरेच्या उंचीवर ठेवलीत कारण आजी लोकांना वाकता येत नाही. विचारलं तर म्हणाल्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ चा नियम आहे, त्यात गुडघेदुखीबद्दल काही नसणार, पण लागू पडतो खरा.

२००८ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं होतं. मॅडमनी सगळ्यात आधी माळ्यावर काय नेलं तर दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नंबरवार नोंद असते ती वही. पुस्तकं नंतर. तेव्हा आम्हाला येडेपणा वाटला होता, पण नंतर त्याच वहीवरून कुठलं गेलं, कुठलं उरलं ते नंबरवार टिक केलं गेलं, आणि भिजलेली पुस्तकं पानापानात रद्दी पेपर घालून गच्चीवर वाळवली. अजून काही पुस्तकांच्या कडा लाटेसारख्या वाकड्या आहेत, हातात आलं की समजायचं, पूर बघितलेलं आहे हे.

बाकी मायनस पॉइंट : फोनवरून पैसे घेत नाहीत, अनामत रोखच न्या. दुपारी बंद. नवीन पुस्तकं यायला फार वेळ. माळ्यावरचा पंखा फक्त आवाज करतो.

मॅडम मे अखेर रिटायर होतायत. त्यांच्या जागी कोण हे कमिटीला विचारलं तर बघू म्हणतात. तोवर ज्यांना काही शोधायचंय त्यांनी संध्याकाळी साडेपाच ते सात जाऊन घ्या. मला त्यांनी शनिवारचं बोलावलंय, मी कॉम्प्युटरवर आणि मॅडम ड्रॉवर घेऊन शेजारी, एकेक लेखक नीट करतोय. दोन शनिवार झाले. अत्रे आणि केशवकुमार (अत्र्यांचंच कवितेतलं टोपणनाव) जोडून झाले, 'अ' अजून संपलेला नाही.