सीटवर सांडलेली उष्टी हळद आणि कलरलॉक लेदर क्लीनर, माझा अनुभव

आधी गाडीचं सांगतो. २०१२ ची स्कोडा सुपर्ब आहे, सेकंडहँड घेतलेली, आतून सगळं आयव्हरी लेदर आणि खरं तर ते बघूनच घेतली होती. मावसभावाच्या लग्नात उष्टी हळद घेऊन सांगलीहून तासगावला मुलीकडं निघालो, मागं करवल्या, एकीच्या मांडीवर वाटी, आणि एका स्पीडब्रेकरला वाटी आडवी झाली. तेलात कालवलेली हळद, त्यात सांगलीची, रंगाला काय सांगायचं! लग्नाच्या गडबडीत बघायला वेळ कुणाला होता, गाडी दोन दिवस तशीच उभी.

तिसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, पोरगा मनापासूनच घासत होता. त्यानं साबणाचा फेस मारला आणि डाग बघता बघता लालभडक झाला. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं लेदरचा रंगच जळला. घरी आईनं बघितलं आणि म्हणाली, "अरे, हळदीला चुना लागला की कुंकू होतंच की." तेच झालं होतं. चुना काय, साबण काय, खाण्याचा सोडा काय, सगळे अल्कलाइन, आणि हळदीतलं कर्क्युमिन त्यात लाल होतं. साध्या ओल्या फडक्यानं चार-पाच वेळा पुसल्यावर परत पिवळं झालं. लेदर मुळात जरासं आम्लधर्मी असतं, त्याला अल्कली मानवत नाही, म्हणून सोड्याचे घरगुती उपाय कुणी कितीही सांगू देत, सीटवर नको.

मग कलरलॉकचं किट मागवलं. जर्मन कंपनी आहे, मुख्यतः लेदरच्या निगेचंच सामान करतात. क्लीनर दोन प्रकारचे येतात, माइल्ड आणि स्ट्राँग, सोबत मऊ ब्रश घेतला. स्वस्त नाही हे आधीच सांगतो. पद्धत अशी की फेस सीटवर मारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा, तळहाताएवढाच भाग धरायचा, हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं आणि फेस वाळायच्या आत ओल्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचा. पहिल्यांदा सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघितलं, फडक्यावर सीटचा रंग आला नाही, मग डागाला हात लावला. पहिल्याच फेरीत फडकं पिवळंधमक! ब्रशनं लेदरच्या बारीक सुरकुत्यांमधली हळद अक्षरशः उकरून वर येताना दिसते. तीन फेऱ्यांनंतर तेलकटपणा पूर्ण गेला आणि डागाचा रंग लिंबाच्या सालीसारखा फिकट राहिला, शिलाईच्या दोऱ्यात मात्र जरा जास्त.

उरलेलं काम उन्हानं केलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आपल्याकडं कपड्यावरचा डाग असाच घालवतात. पाच-सहा दिवस रोज सकाळी दोन तास डागाच्या बाजूचं दार उन्हाकडं उघडं ठेवलं, बाकी सीटवर जुने टॉवेल टाकले कारण जास्त ऊन लेदरला पण वाईट. आता कुणाला दाखवल्याशिवाय डाग दिसत नाही. दोऱ्यातला थोडा आहे, तो असू दे.

ड्रायव्हर सीटच्या कडेला जीन्सचा निळा रंग बसला होता, चढता-उतरताना घासून घासून. तिथं माइल्डनं विशेष काही झालं नाही, स्ट्राँग घेतल्यावर बराचसा निघाला. नंतर त्यांचंच लेदर शील्ड लावलं, जीन्सचा रंग परत धरू नये म्हणून, आणि क्रीम रंगाच्या सीटवाल्यांनी क्लीनरच्या आधी खरं तर हेच घ्यावं.

आर्मरेस्टवर बॉलपेनची जुनी रेघ आहे, ती नाही गेली. क्लीनर शाईसाठी नसतोच. एका मित्रानं नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला, कृपा करून कुणी लावू नका. गाडीच्या लेदरवर रंग असतो आणि त्यावर पातळ पारदर्शक थर असतो, अ‍ॅसिटोननं डागाआधी तोच थर उतरतो आणि मग पांढरट चट्टा कायमचा.

अजून एक बघा, "लेदर सीट" म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग तेवढा लेदर असतो आणि बाजू, पाठ रेक्झिनची, काहींत तर सगळंच रेक्झिन. क्लीनर दोन्हीला चालला, पण लेदर मऊ ठेवायचं महागाचं कंडिशनर रेक्झिनवर वाया जातं, ते काही शोषून घेत नाही. छिद्रं असलेल्या सीटवर तर थेट फवारूच नका, ओल आत फोममध्ये जाते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. त्या शाईच्या रेघेसाठी सांगली-कोल्हापूर भागात लेदरचा रंग जुळवून देणारा खात्रीचा माणूस कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.