पणजीतला ऑतर थिअरीचा वीकेंड कोर्स: थिसिसचा विषय शोधताय तर कराच

फिल्म स्टडीजमध्ये एमए नाहीतर पीएचडी करताय आणि 'अमक्या दिग्दर्शकाची शैली' असला विषय डोक्यात घोळत असेल तर सिनॉप्सिस देण्याआधी हा कोर्स करा. ऑतर थिअरी म्हणजे सिनेमाचा खरा कर्ता दिग्दर्शकच, हे म्हणणं. मी नुकताच केला आणि पैसे पूर्ण वसूल झाले.

या म्हणण्यामागचा फ्रेंच समीक्षक त्रुफोचा 1954 चा लेख, 1962 ला समीक्षक अँड्र्यू सॅरिसने अमेरिकेत त्याची 'थिअरी' केली, पुढच्याच वर्षी समीक्षक पॉलीन केलने ती झोडपली, हे सगळं पहिल्याच सकाळी उरकतात आणि तेच बरं, कारण ते पुस्तकात मिळतंच. खरी मजा नंतर. दिग्दर्शक किती थोर यावर आता रिसर्च अडून बसत नाही, त्याचं नाव ब्रँड कसं होतं (अभ्यासक टिमथी कॉरिगनने हे 1991 लाच मांडलेलं), फेस्टिव्हलवाले कुणाला मोठं करतात, एडिटर आणि साउंडवाल्यांचा हात किती, सुरुवातीच्या काळातली दिग्दर्शक अलिस गी हिच्यासारख्या बायका इतिहासातून गळल्या कशा, असे प्रश्न घेऊन पोरं काम करतायत. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल, आपल्या दारात आहे, कॅटलॉग उघडला की दिग्दर्शकाचा फोटो आणि बाकी टीम बारीक अक्षरात, त्यामुळे फेस्टिव्हलचा मुद्दा तर आपल्याला लगेच पटतो.

सगळ्यात भारी सेशन 'संत तुकाराम'चं, 1936 चा सिनेमा. दिग्दर्शक दोन, दामले आणि फत्तेलाल, त्यात दामले साउंडमधले आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. मॅडमनी जिजाईचा एक सीन आधी आवाज बंद करून दाखवला, मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकवला आणि म्हणाल्या, आता सांगा हा सिनेमा कोणाचा? वर्गात जाम वाद पेटला, चहा थंड झाला तरी कोणी उठेना. वरून 'आधी बीज एकले', जे आजही कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटतं, ते लिहिलंय शांताराम आठवल्यांनी! कर्ता कोण या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, माझा थिसिसचा विषय तिथेच बदलला, आता मी 'संत तुकाराम' काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या गाण्यांवर करतेय.

खटकलं ते पण सांगते. कोकणी सिनेमाला शेवटचा जेमतेम अर्धा तास, तोही घाईत. 'पलतडचो मनीस'ला 2009 ला टोरांटो फेस्टिव्हलमध्ये फिप्रेस्कीचं (आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचं) बक्षीस मिळालं, आणि गोव्यातच बसून त्यावर चार वाक्यं? याचा मला खरंच राग आला. रीडिंगच्या झेरॉक्स इतक्या पुसट की तळटीपा वाचता येत नाहीत, नाव नोंदवतानाच पीडीएफ मागून घ्या. हॉल, एसी, प्रोजेक्टर ठीक. सर्टिफिकेट देतात पण त्याचे क्रेडिट आमच्याकडे धरत नाहीत, तुमच्या डिपार्टमेंटात आधी विचारून ठेवा.