नवा म्हणून बसवलेला सेल्फ माझाच निघाला

गाडी रोज सकाळी बंद पडली असती तर मी एवढा फसलो नसतो. बंद गाडी ओढून नेता येते, मेकॅनिकने ती चालू करून दाखवली की विषय संपतो. माझी गाडी दहा वेळा झटक्यात चालू व्हायची आणि अकराव्या वेळी रुसायची. जुनी डिझेल फोर बाय फोर, चार सिलिंडर, साधा मेकॅनिकल पंप, कंप्युटर नावाची भानगडच नाही. रुसण्याचेही दोन प्रकार. कधी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’, पुढे काही नाही. कधी सेल्फ, म्हणजे इंजिनला फिरवून चालू करणारी मोटर, फिरायचा, पण दमल्यासारखा, आणि इंजिन काही केल्या पकडायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, बॉनेट उघडून उगाच इकडेतिकडे हात लावा, आणि पुन्हा पहिल्या सेल्फला चालू.

असा येऊन-जाऊन असणारा दोष म्हणजे ज्याला फसवायचं आहे त्याच्यासाठी सोन्याची खाण. काहीही बदललं तरी पुढचे काही दिवस गाडी नीट चालणारच असते. त्या काही दिवसांत बिल भरून होतं.

वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा नेली तेव्हा अर्थातच चारही वेळा मुकाट चालू झाली. मेकॅनिकने ऐकून घेतलं, बॅटरीवर बोट वाजवलं आणि म्हणाला, “बॅटरी बसलीय साहेब.” मीटर लावला नाही. मीही विचारलं नाही, कारण बॅटरी तीन-चार वर्षांची होती आणि मनात म्हटलं, असेल. तीन आठवडे सुखात गेले.

दुसऱ्या फेरीत सेल्फ. त्याने सेल्फ उतरवला, मागचं झाकण काढलं, आत बोट फिरवून काळंकुट्ट बोट माझ्यासमोर धरलं. “बघा, जळालाय आतून.” मला ते पटलं. आता कळतंय की कार्बन ब्रश घासून घासून ती काळी भुकटी प्रत्येक वापरलेल्या सेल्फमध्ये साठतेच. ती पाहून सेल्फ चांगला की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी चकचकीत काळ्या रंगाचा ‘नवा’ सेल्फ बसलेला होता. जुना मागितला तर म्हणाला, एक्स्चेंजमध्ये दिला.

तिसऱ्या फेरीत चारही हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू करण्याआधी आतून तापवणारे प्लग. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरची केबल ‘जाम झाली होती म्हणून लगे हात’ बदललेली. ही केबल लक्षात ठेवा. मी तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

चौथ्या फेरीत तो थेट डिझेल पंपावर आला. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला केला, हातपंप मारला, फसफसून बुडबुडे आले. “पंप हवा ओढतोय. उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल, नोझलही बघू.” दोष डिझेलच्या लाइनमध्ये असेल तर हवा हे खरंच एक मोठं कारण असतं, त्यामुळे ऐकायला ते बरोबर वाटतं. पण लाइन एकदा उघडली की थोडी हवा निघणारच. हवा आत येतेय की नाही हे बघायचं तर पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून, गाडी रात्रभर उभी ठेवून, सकाळी सेल्फ मारताना बघावं लागतं. तेवढं त्याने केलं नाही. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणून गाडी घेऊन निघालो, आणि एका चढावर, एक चाक खड्ड्यात असताना, तीच ‘टक्’.

शेवटी ओळखीतल्या एका काकांना गाठलं. आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचं काम केलेला माणूस. त्यांनी गाडीला हात न लावता आधी मलाच विचारलं, “रुसते तेव्हा उभी कशी असते? सपाट की वाकडी?” मी गप्प. चार महिने मी बिघाड कधी आला ते लिहून ठेवत होतो, गाडी कशी उभी होती ते एकदाही लिहिलं नव्हतं. आठवून पाहिलं तर चढ, खड्डा, डावीकडे कललेली, बहुतेक वेळा असंच काहीतरी.

मग त्यांनी मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग खरवडून. “मार सेल्फ.” सपाट जागी गाडी चालू झाली, पण काटा ओढला गेला होता. मग एका बाजूला फळी घालून गाडी कलती केली आणि जॅकने इंजिन किंचित उचललं. पुन्हा सेल्फ. टक्. मीटरवर साडेतीन व्होल्टच्या आसपास. या जागी दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही दिसायला नको. बारा व्होल्टच्या गाडीत साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून चॅसीपासून इंजिनपर्यंत तांब्याची विणलेली अर्थची पट्टी असते. बॅटरीचा निगेटिव्ह चॅसीला, चॅसी या पट्टीने इंजिनला. सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर परत यायचे ते याच वाटेने. माझी पट्टी वरून शाबूत दिसत होती. काकांनी ती बोटात धरून हलकेच वाकवली, तर लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या तोंडाशी बहुतेक तारा तुटलेल्या, आत हिरवट भुकटी, मोजून पाच-सहा तारांवर सगळा कारभार. इंजिन एका बाजूला कललं की त्याही ताणल्या जायच्या.

आणि मग सगळं एका दोरीत आलं. हीटर प्लगची अर्थ इंजिनमधूनच, म्हणून प्लग अर्धवट तापायचे. पंपावरचा डिझेल कट-ऑफ सोलेनॉइड, ज्याला वीज मिळाली तरच डिझेलची वाट उघडते, त्याचीही अर्थ पंपाच्या अंगातून इंजिनला. सेल्फ मारताना तो ओढलाच जायचा नाही, म्हणून ‘फिरतो पण पकडत नाही’. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनवर बसलेला, म्हणून बॅटरी कधी पूर्ण चार्ज व्हायची नाही, म्हणजे नवी बॅटरीही हळूहळू मरत होती. वर्कशॉपमध्ये गाडी चालू का व्हायची? तिथली जमीन सपाट. आणि प्रत्येक कामात इंजिनला, वायरींना धक्के बसायचे, तारा पुन्हा टेकायच्या.

काकांना मी बिलं दाखवली. केबलच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. अर्थची पट्टी गेली की वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि ती बहुतेकदा अ‍ॅक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून जाते. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, ती जाम होते. “वायरिंग कळणारा माणूस ही केबल हातात घेतली की तिथेच ओळखतो,” ते म्हणाले. मेकॅनिकला ते कळलं नसेल असंही होऊ शकतं. बॅटरी, प्लग, केबल हे सगळं मी अडाणीपणाच्या खात्यावर टाकायला तयार होतो.

सेल्फ मात्र नाही. खाली वाकलोच होतो म्हणून टॉर्च मारली. सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या टोपणाजवळ काळ्या रंगाखाली एक सपाट झालेली कड दिसली. ती मी ओळखतो. काही वर्षांपूर्वी दगडाला आपटून तिथे खोक पडली होती आणि तिचा धारदार काठ मीच कानशीने घासला होता. नखाने रंग खरवडला तर रंगाबरोबर वाळलेल्या चिखलाची खपली निघाली. पुसण्याचेही कष्ट घेतले नव्हते, चिखलावरूनच स्प्रे मारला होता.

पट्टी बदलली, दोन्ही टोकांचा गंज आणि रंग उघड्या धातूपर्यंत घासला, शिवाय बॅटरी निगेटिव्हपासून थेट इंजिनला एक जाड वायर दिली. मीटर आता एक दशांश व्होल्ट दाखवतो. गाडी कलती असो, खड्ड्यात असो, अर्ध्या फेरीत पकडते.

मी वर्कशॉपमध्ये परत गेलो. मेकॅनिकने आवाज चढवला नाही, उलट पाणी विचारलं. म्हणाला, “जुनी गाडी आहे साहेब, एक झालं की दुसरं निघतं.” सेल्फचं विचारलं तर त्याने बिलावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘सेल्फ काम’. ‘नवा’ हा शब्द फक्त तोंडी होता. कंपनी नाही, नंबर नाही, वॉरंटी कार्ड नाही, आणि जुना भाग माझ्या हातात नाही. भांडायला माझ्याकडे फक्त एक कानशीची खूण होती.

तुमच्या गाडीचं असंच चाललं असेल तर पार्ट बदलायला होकार देण्याआधी जंपर केबलचं एक टोक बॅटरी निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारून बघा. फरक पडला तर आधी अर्थची पट्टी बघा, पाकीट नंतर उघडा. फरक नाही पडला तर मेकॅनिकला आकडा विचारा: सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात, सेल्फच्या टर्मिनलवर किती पोचतात, सोलेनॉइडवर किती. जो आकडा सांगायला कंटाळतो त्याच्याकडून मी आता एक बोल्टही घट्ट करून घेत नाही. आणि उतरवलेला भाग, जळका असो की तुटका, डिकीत टाकून घरी आणतो. बायको वैतागते, ते वेगळं.

सेल्फ नंतर काकांनी उघडून पाहिला. ब्रश अजून अर्धे शिल्लक आहेत, तेवढे अजून बरेच दिवस चालतील म्हणाले. वरचा काळा रंग आम्ही घासून काढला.